गाडीसाठी बांधलेला ओटा

गाडी मी घेतली, ह्यांनी नाही. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण आजही कुणी भेटलं की ह्यांनाच विचारतं, काय साहेब, म्हातारपणी हा शौक? आणि हे बिचारे माझ्याकडं बोट दाखवतात.

कॉलेजात असताना औरंगपुऱ्यात मी तसली गाडी पहिल्यांदा पाहिली. लाल, बुटकी, बिनछपराची, दोनच सीटांची. लेणी बघायला आलेली कुणी परदेशी बाई ती चालवत होती आणि रिक्षावाले, सायकलवाले, झाडून सगळे रस्ता सोडून बघत उभे होते. माझ्या हातात शिवायला टाकायचं ब्लाउजपीस होतं, ते तिथंच कुठंतरी पडलं आणि मला घरी गेल्यावर कळलं. आईनं हजेरी घेतली ती वेगळीच. पुढं मी बँकेत लागले, लग्न झालं, पोरं शिकून बाहेरगावी गेली, पण ती गाडी काही माझ्या डोक्यातून उतरली नाही.

मी रिटायर झाले त्याच वर्षी कळलं, की छावणीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना तशीच एक इंग्रजी बनावटीची गाडी विकायची आहे. ती लाल नव्हती, फिकट हिरवी होती, आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला होता. पण बुटकी होती, बिनछपराची होती. मी एका फेरीतच पक्कं करून टाकलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा हे पेपरात जायकवाडीची पातळी वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, धरण मृतसाठ्यात गेलंय अगं. मी काय ती गाडी धरणात उभी करणार होते?

ह्यांचं असंच आहे. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी पाण्याची पातळी मोजण्यात गेली. एकदा साहेबांनी आकडा जरा वर दाखवायला सांगितला, तर ह्यांनी लांबची बदली पत्करली, पण आकडा हलवला नाही. खोटं बोलणं ह्यांना जमतच नाही. माझ्या माहेरी जाऊन मुगाच्या खिचडीला सुद्धा “मीठ जास्त झालंय” म्हणणारा माणूस. आणि साखरेचं दुखणं असल्यानं बाहेरच्या चहाला कधी शिवायचे नाहीत.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. शहर चहूकडं पसरत चाललेलं, जिथं ज्वारी उभी असायची तिथं टॉवर उभे राहिलेले, आणि पाणी आणणारा पाइप मात्र जुनाच. उस्मानपुऱ्यात आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. घरातलं पाणीखातं अर्थातच ह्यांच्याकडं. बादल्यांवर रंगानं खुणा केलेल्या: प्यायचं, भांड्यांचं, फरशीचं, झाडांचं. गाडीच्या पूजेला चाकांवर घालायला मला मोजून अर्धं फुलपात्र पाणी मिळालं.

गाडी घरी आली आणि आठ दिवसांत तिनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. म्हणून मी होता होईल तो उजवीकडंच वळायचे. मेथीची जुडी आणायला निघाले की अर्धं शहर बघून यायचे. शेजारच्या सीटचं दार खड्डा आला की उघडायचं. सुदैवानं त्या सीटवर कुणी नसायचं. हे म्हणाले होते, ज्या गाडीला डोक्यावर छप्पर नाही त्या गाडीत मी बसणार नाही.

हॉर्न आणि दार मी चालवून घेतलं असतं. पण गाडी तापायची हो. एप्रिलचं ऊन, त्यात रेडिएटर थोडा थोडा गळायचा, म्हणून रोज पाणी घालावं लागायचं. शेजारीण गच्चीवरून ऐकू जाईल असं बोलायची, की इथं माणसाला मिळंना अन् लोक गाड्यांना पाजतात. त्यावर एके दिवशी हे आपणहून म्हणाले, गाडीच्या पाण्याचं मी बघतो, तुला कुणी बोलायचं काम नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, पाझर फुटला एकदाचा. रोज सकाळी हे बादलीतून बाटली भरून रेडिएटरमध्ये ओतायचे आणि झाकण घट्ट लावून हात पुसायचे.

आणि गाडी होती की आणखीच तापायला लागली. पहिल्यांदा ऐन चौकात बंद पडली, दुसऱ्यांदा एका लग्नाच्या वरातीत शिरून. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, नवरदेवाचीच गाडी आहे, त्यांनी पुढून फुलं टाकली आणि मागून ढकलली. तिसऱ्यांदा पैठण रोडवरून ट्रॅक्टरला बांधून आणली. मेकॅनिकनं पंखा बदलला, पट्टा बदलला, शेवटी हात टेकले. “मॅडम, गाडी अच्छी है, सिर्फ गरम हो री,” असं म्हणाला. ते मलाही दिसत होतं.

त्या ट्रॅक्टरच्या दिवशीच ह्यांच्या ओळखीचा एक हॉटेलवाला उगवला. चितेगावच्या अलीकडं पैठण रोडलगत त्याचं मोठं हॉटेल. बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, काकू, मला द्या, मी हॉटेलापुढं ठेवतो, लोक फोटो काढतील, लई चालंल बघा. चालवायची कशाला, नुसती बसवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेरड्याच्या कुंड्यांमध्ये माझी गाडी, आणि येईल तो जाईल तो बॉनेटवर बूड टेकून फोटो काढणार! पण ह्यांना ते पटलं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मी पैठणला जाऊन परत यायचं. वाटेत एकदाही बंद न पडता आली तर गाडी घरात राहणार. पडली तर हॉटेलवाल्याची. हॉटेलवाल्यानं दुसऱ्याच दिवशी ओटा बांधायला घेतला. मी चौकशी केली तर फरशीसुद्धा बसवून झाली होती. इतकी खात्री मेल्याला.

आखाजीला आठ-दहा दिवस राहिले असतील. मी बाथरूममधल्या गिझरची कॉइल बघत होते, पांढऱ्या खपल्यांनी पार गुरफटून गेलेली. दुपारी सहज रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत तश्शाच खपल्या. मी ह्यांना बोलावलं आणि विचारलं, तुम्ही ह्यात कुठलं पाणी घालता? हे अभिमानानं म्हणाले, फिल्टरचं टाकाऊ! म्हणजे स्वयंपाकघरातला फिल्टर चांगलं पाणी इकडं काढतो आणि सगळा क्षार तिकडच्या नळीतून बादलीत सोडतो, ती बादली. टँकरच्या पाण्यातला होता नव्हता तेवढा चुना ह्या माणसानं महिनाभर माझ्या गाडीला पाजला होता. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून.

मग मी तोंड सोडलं. पाटबंधारे खात्यापासून सुरुवात केली आणि सासरच्या सगळ्या पिढ्या घेतल्या. माझा जीव जळत होता. तो ओटा मला डोळ्यांपुढून हलत नव्हता. झाकण हातात घेऊन हे बराच वेळ बघत राहिले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी रेडिएटर साफ करून आणला, गळती बुजवून घेतली. तरी मेकॅनिक म्हणाला, आत बसलेलं सगळं निघत नाही. आता ह्याला क्षाराचा कण नको, आणि बाटलीतून विकत आणलेलं शुद्ध पाणी ह्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेडरूममध्ये एसी चालू! जो एसी पोरानं घेऊन दिल्यापासून ह्यांनी पाहुण्यांखेरीज लावू दिला नव्हता, तो. मला वाटलं, ह्यांना बरं नाही. आत जाऊन बघते तर खोलीभर दोरी बांधलेली, तिच्यावर आमचे धुतलेले ओले कपडे, आणि हे खिडकीबाहेर हात काढून एसीच्या नळीखाली बाटली धरून बसलेले. म्हणाले, हवा कोरडी आहे, पाणी निघत नाही, म्हणून कपड्यांतलं काढतोय. ह्यात क्षार नसतो. आखाजीपर्यंत आमचे सगळे कपडे त्या खोलीत वाळले. एक बाटली भरली.

आखाजीला सकाळी पुरणाचा नैवेद्य झाला आणि मी गाडी काढली. हे डोक्याला टॉवेल गुंडाळून, मांडीवर ती बाटली घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसले. साक्षीदार लागतो म्हणाले. दार उघडू नये म्हणून एका हातानं धरून ठेवलं. जाताना हॉटेलवाला ओट्यापाशी उभा राहून हात हलवत होता. मी तोंड फिरवलं.

पैठणला नाथांच्या दाराशी गाडी उभी केली तेव्हा माझा विश्वास बसेना. तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली. येतानाही छान आलो. पण चितेगावपाशी रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, ट्रकांची रांग लागलेली, डोक्यावर ऊन. गाडी जागच्या जागी धडधडत राहिली आणि काटा चढायला लागला. रांग सुटली, जरा पुढं गेलो, आणि इंजिननं राम म्हटला. गाडी घरंगळत गेली ती नेमकी त्या हॉटेलापुढं, ओट्याला खेटून थांबली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मला रडूच आलं.

हॉटेलवाला हात पुसत धावत आला. “काय साहेब, पडली ना बंद?”

हे उतरले. डोक्याचा टॉवेल सोडून बॉनेटवर पसरला, तिथून वाफ येत होती बरोबर तिथं. मग म्हणाले, “नाही. चहा घ्यायला थांबलोय.”

मी बघतच राहिले. हॉटेलवाल्यानं चहा आणला, त्यात चमचा उभा राहील एवढी साखर. हे शांतपणे सगळा प्यायले. टॉवेलाला हात लावून बघितला, अजून गरम. दुसरा मागवला. तिसरा मागवला तेव्हा हॉटेलवाल्यानं मला विचारलं, काकांना साखरेचं नाही ना काही? मी गॉगल घातला आणि रस्त्याकडं बघत राहिले. मग ह्यांनी झाकण उघडलं, बाटलीतलं पाणी जपून, थेंब न सांडता ओतलं. मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

शहर जवळ आल्यावर मी म्हटलं, “अहो, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललात.”

हे एका हातानं दार धरून सरळ समोर बघत होते. म्हणाले, “थांबलो. चहा घेतला. यात खोटं काय?”