उकळलेली कवळी

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी, ओतूरजवळच्या ज्या वृद्धाश्रमात मी काम करते तिथे, एका बाईंची कवळी उकळत्या पाण्यात टाकली गेली. कारण ती मी धुतली होती.

बाई निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. जेवल्यावर घास उजव्या गालात तसाच राहायचा, त्यांना कळायचं नाही. मी कवळी काढायचे. हातमोजा घालून ओल्या कपड्यानं गाल आतून साफ करायचे, हिरड्या पुसायचे. कवळी गार पाण्यात ब्रशनं घासायचे. आठ महिने हे काम माझं होतं. दुसऱ्या कुणासमोर बाई तोंड उघडत नव्हत्या.

त्यांच्या सूनबाई महिन्यातून एकदा निरगुडसरहून यायच्या. बागायतदार घर. त्या सोमवारी त्यांनी मला विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, मेंढरं राखतात. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि शोभाकडं वळल्या.

"मेंढरांची तोंडं उघडणारं हात हे. आईंच्या तोंडात नकोत. कवळी उकळून घे, आन् हितनं फुडं तूच बघ. तू आपल्यातली हायेस."

शोभा पिंपळवंडीची. माझ्याबरोबरच कामाला लागलेली. तोंडाच्या कामाची तिला किळस. कुणाची कवळी काढायची वेळ आली की मलाच हाक मारायची.

मेंढरांची तोंडं मी उघडलेली आहेत. दोन दाती, चार दाती. मेंढीचं वय तिथंच कळतं. त्याची लाज मला तोवर कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातले.

लाजेपेक्षा हेवा मोठा होता. शोभाचे हात माझ्यापेक्षा स्वच्छ नव्हते. घास कुठं अडकतो ते तिला ठाऊक नव्हतं. तरी बाईंचं तोंड तिला मिळालं. आडनावावर.

स्वयंपाकघरात पातेलं गॅसवर होतं. पाण्याला आधण आलेलं. उकळत्या पाण्यात कवळी वाकते, हे दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं होतं. ते शिकवलं त्या दिवशी शोभा रजेवर होती. मी दारात उभी होते. एक शब्द पुरला असता. बोलले नाही. तिचं चुकावं, असं मला वाटत होतं.

तिनं कवळी पाण्यात टाकली.

दुपारी कवळी बसेना. शोभानं दाबली. हिरडीतून रक्त आलं. बाईंनी डाव्या हातानं तिचा हात लोटला.

"ही माझी नव्हे."

एवढ्यावरून ठरलं, की मी कवळी दुसऱ्या कुणाच्या कवळीशी बदलली. पातेल्याचं नाव कुणी काढलं नाही. शोभानंही नाही. बाई पेजेवर आल्या.

गुरुवारी मॅनेजरनी मला बोलावलं. कागद तयार होता: कवळी माझ्या हातून बदलली गेली. सही कर आणि उद्यापासून फरशीचं काम घे, नोकरी राहील, असं ते म्हणाले. मी विचार करते म्हणून बाहेर आले. शोभा दाराशीच होती.

"कर की सही. तुमाला काय, सवय असती."

तुमाला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. आत गेले, कोरे कागद मागितले आणि दोन प्रती लिहिल्या.

"कवळी बदललेली नाही, उकळलेली आहे. उकळायला सूनबाईंनी सांगितलं. पाण्यात शोभानं टाकली. मी पाहिलं आणि हेव्यापोटी गप्प राहिले. तेवढी चूक माझी. बदलल्याची सही मी करणार नाही. फरशीचं काम घेणार नाही. बाईंच्या तोंडाचं काम मला परत द्यावं."

मॅनेजरनी दोनदा वाचलं. सूनबाईंचं वाक्य काढ, म्हणाले. मी नाही म्हटलं. हेव्याचं तरी काढ, तुझ्याच अंगाशी येईल, म्हणाले. त्यालाही नाही म्हटलं. मग दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

त्यांनी तारीख टाकली, सही केली आणि शिक्का मारला.