रय्याखालाने विकलेल्या शेळ्या

अर्धा डोंगर उतरलो होतो. डाळिंबांच्या बागेखालच्या वळणावर रय्याखाला पाटाच्या कठड्यावर टेकली.

"थांब गं सिस्टर. माझे पाय काही बकरीचे नाहीत."

ओमानच्या या डोंगरात नर्स म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं. खाला, म्हणजे गावाची मावशी, तिथे शेळ्या पाळते. बोकड शेळ्यांवर चढू नये म्हणून त्याच्या पोटाखाली बांधलेलं फडकं हंगामात कधी सोडायचं, ते गाव तिला विचारतं. नवरा गेल्यावर तिने शेळ्यांवरच मुलाला, मुहन्नाला, वाढवलं. आता त्याच्या बायकोला, शमसाला, मूल होत नव्हतं. तिच्या तपासण्या ठीक होत्या, तरी शुक्रवारी मुहन्नाचे चुलते त्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलायला येणार होते. स्वतःला तपासून घ्यायला मुहन्ना तयार नव्हता.

"म्हणतो, मी धडधाकट पुरुष आहे."

"असेल की. पण ते वेगळं आणि बीज वेगळं, खाला." मी काटकीने मातीत चित्र काढलं. "ही पिशवी, अंडकोश. आत ही दोन वृषणं. बीज इथे तयार होतं. त्याला अंगापेक्षा जरा गारवा लागतो, म्हणून देवाने ती बाहेर ठेवली. मागे ही गुंडाळलेली नळी, तिच्यात बीज पिकतं. मग या लांब नळीने ते वर पोटात जातं, मूत्राशयाजवळच्या ग्रंथींचा रस त्यात मिसळतो, आणि लिंगातून, लघवीच्याच वाटेने, बाहेर येतं."

"दोन्हींना एकच वाट?"

"एका वेळी एकच."

"म्हणजे आमच्या पाटासारखं! आज तुझी पाळी, उद्या माझी."

"हो. आणि पाट चांगला असला तरी झरा आटलेला असू शकतो. कधी पिशवीतल्या शिरा फुगतात. त्यावर उपचार असतो."

खाला म्हणाली, "एका वर्षी माझा बोकड सगळ्या शेळ्यांवर चढला, गाभण एकही नाही. मी शेळ्या विकल्या आणि बोकड ठेवला. काय देखणा होता मेला!"

"मग?"

"नव्या शेळ्याही रिकाम्या. आणि विकलेल्या? खालच्या गावात जुळी करडं देऊन बसल्या!" हसता हसता तिने डोळे पुसले. "शमसाला नाही मी घालवणार."

उठताना तिने पायाने चित्र पुसलं. "पुरुषमाणसं जातात इथून."

चार पावलं गेल्यावर माझा हात धरला. "आज जेवायला ये. मुहन्नाला मीच सांगते, बोकडापासून सुरुवात करून. तू बोलू नकोस, तो लाजेल. नुसती माझ्याजवळ बस, आणि माझी नळी चुकली की खोक."