मावशीची कलमं

माझी थोरली मावशी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपत आली. तिच्यासोबत बायकांची टोळी असायची. हसतखिदळत रान साफ व्हायचं. मग तण जाळायचं औषध आलं. टोळीचं आठवड्याचं काम एकटा माणूस पाठीवर पंप घेऊन सकाळीच उरकू लागला, आणि टोळी पांगली.

मावशी घरी बसणाऱ्यातली नव्हती. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत बायका हव्यात असं कळलं, तशी ती गेली. तिथे वांग्याचं रोप छाटून त्यावर टोमॅटोचा शेंडा बसवायचे. वांग्याची मुळं चिवट, रोगाला सहसा दाद देत नाहीत. काडीएवढं खोड, हातात ब्लेड, जोडावर इवलीशी क्लिप. खुरप्याला सरावलेला मावशीचा हात जड पडला. तिच्या पहिल्या ट्रेने माना टाकल्या.

"मावशी, तुम्ही ट्रे धुवायलाच थांबा," शेडवरची सुपरवायझर मुलगी म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं.

मावशीने निमूट ट्रे धुतले. पण येताना फेकून दिलेली रोपं पिशवीत घालून आणायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी कापत बसायची.

"भाजी चिरतेस की ऑपरेशन करतेस?" काकांनी विचारलं.

"आधी चष्मा आणा, मग सांगते."

चष्मा आला. खरी मेख तिथेच होती.

काही आठवड्यांनी ती त्या मुलीला म्हणाली, "एक ट्रे दे मला. मेला तर पुन्हा मागणार नाही."

कलमांचे जोड जुळेपर्यंत ट्रे अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवतात. मावशी रोज त्या दाराशी घुटमळायची. ट्रे बाहेर आला तेव्हा दोन-चार सोडली तर सगळी रोपं ताठ उभी होती.

मग तिने एकेक करून जुनी टोळी तिथे आणली. टेबलं मात्र बुटकी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कंबरा धरायच्या. मावशी थेट मालकाकडे गेली.

"शेतात वाकलो, कारण जमीन वर येत नाही. टेबल तर येतं ना?"

मालक हसला आणि त्याने टेबलांच्या पायांखाली विटा लावून दिल्या.

परवा मी शेडमध्ये गेले होते. विचारलं, "शेताची आठवण येते का गं?"

"येते की. वारा आठवतो," क्लिप लावत मावशी म्हणाली. "पण उभ्याने काम करण्यात मजा आहे. समोरच्या बाईचं तोंड दिसतं."

"माझ्या तोंडाकडे नको बघूस," समोरची म्हणाली, "ब्लेडकडे बघ."