मुशायऱ्याची कॅसेट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षराचं तर विचारू नका. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा चुकांची माफी आधीच मागते. नातीच्या अर्ध्या कोऱ्या वहीत माझ्यापुरतं लिहिते आहे. आमचे हे फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि आता जुन्या केसेस लिहून काढतात. ही एकच त्यांनी सोडली. म्हणाले, "ही तू लिही. आरोपीचं मीठ खाल्लंय मी." माझ्या मनातून तर ती अजून जात नाही.

केस आयर्लंडमधल्या एनिसची, दोन हजार वीसची. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो आणि विमानं बंद झाल्याने अडकलो, ते अजून इथेच आहोत. शेजारी हॉस्पिटलमधले एक पाकिस्तानी डॉक्टर राहत. त्यांच्या आई विधवा, माझ्याच वयाच्या. त्यांना मी आपा म्हणायचे. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही असा नियम होता, म्हणून दोन परसांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरच आमची ओळख वाढली. मी पोळ्यांचा डबा ठेवायचे, त्या जुन्या उर्दू पिक्चरच्या कॅसेटी ठेवायच्या. कॅसेट लावायची दोन मशिनं होती त्यांच्याकडे, एक आम्हाला दिलं होतं. निम्मे शब्द कळत नसत, पण रडायचं कुठे ते बरोबर कळायचं.

एकदा त्यांनी एक कॅसेट छातीशी धरून आणली.

"बहन, इसमें मेरे मियाँ हैं. मुशायरे वाला सीन, तीसरी क़तार, काली टोपी. दो बार गर्दन हिलाते हैं."

त्यांचे यजमान तरुणपणी लाहोरला पिक्चरच्या गर्दीत बसायची कामं करत. तो पिक्चर त्यांना पुन्हा कुठे मिळाला नव्हता. हलता-बोलता नवरा म्हणून त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

त्याच दिवशी सूनबाई म्हणाली, डॉक्टरांच्या वॉर्डात कोरोना आलाय. आमच्या नातीला दमा. घरात तेव्हा केळीसुद्धा साबणाने धुवायचो. मी कॅसेटही धुतली. पुसली आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वाळायला ठेवली. दुसऱ्या दिवशी हलवून पाहिली तर आत पाणी वाजलं.

भीती पाण्याची नव्हती. आपांना वाटेल, मुसलमानाच्या घरची वस्तू म्हणून धुतली. माझ्या माहेरी परजातीच्या माणसासाठी वेगळी कपबशी असायची. धुताना ते मनात नव्हतं असं मी इथे लिहिते. पण शपथ घे म्हटलं, तर जीभ अडखळेल.

आठवड्याने आपांनी कॅसेट परत मागितली तेव्हा सांगितलं, "मी तर परत भिंतीवर ठेवली होती की."

त्या रडल्या. डॉक्टरांचा संशय गेला सामान पोचवायला येणाऱ्या माणसावर, कारण तो भिंतीजवळून जायचा. उद्या गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार देतो म्हणाले.

हे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक दिवस थांबा."

आधी जागेचा पंचनामा. भिंतीवरचं ओलं शेवाळ ह्यांनी वाकून पाहिलं. डब्याची गोल खूण ताजी होती, कॅसेटची चौकोनी कुठेच नव्हती. मग घरात एकेकाचा जबाब. मुलगा, सून कामाच्या मीटिंगमधून उठून आले, हसले आणि परत गेले. नात तिच्या इंग्रजीत म्हणाली, आजी आठवडाभर टीव्हीसमोर बसलीच नाही. खबर मिळाली ती एवढीच.

संध्याकाळी ह्यांनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

"घे."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी चहा करून दिला नव्हता. आणि ठाण्याची रीत मला ह्यांनीच सांगितलेली: संशय असेल तर दम द्यायचा, खात्री झाली की चहा. मी कपाकडे बघत राहिले.

"साखर कमी झाली का?"

"हॉट प्रेसमध्ये आहे," मी म्हणाले. "टॉवेलांच्या मागे."

मुद्देमाल घेऊन मीच भिंतीशी गेले. हे दोन पावलं मागे, आरोपी पळून जाऊ नये अशा बेताने. मी आपांना सगळं सांगितलं, कपबशीसुद्धा. त्यांनी कॅसेट कानाशी धरून हलवली.

"तुम्हारा रोटी का डिब्बा मैं तीन बार धोती थी," त्या म्हणाल्या. "रोटियाँ भी दोबारा सेंकती थी."

"कोरोना के वास्ते?"

"अब मुझसे क़सम मत लो, बहन."

पण कॅसेट घेऊन त्या आत गेल्या आणि बारा दिवस भिंतीवर काही आलं नाही.

डॉक्टरांनी डब्लिनच्या एका माणसाकडून फीत साफ करून घेतली. खर्च मी देईन म्हटलं. हे पेन्शनला हात लावू देईनात. "भरपाई आरोपीने स्वतः करायची." मग मी इथल्या मराठी इंजिनियर पोरांना पुरणपोळ्या करून विकल्या आणि दर महिन्याला थोडे युरो भिंतीवर ठेवले. फितीतली गाणी गेली, मुशायरा राहिला. आपांनी टीव्ही खिडकीकडे वळवून मला काचेतून दाखवला. काळ्या टोपीने दोनदा मान हलवली.

ह्यांच्या प्रत्येक केसच्या शेवटी एक धडा असतो. मला वाटतं, माझ्या हातून गुन्हा घडला तो धुण्याने नाही, लपवण्याने. त्या सामानवाल्याला अजून ठाऊक नाही, त्याचं नाव तक्रारीच्या किती जवळ गेलं होतं. तो आला की मी त्याला पाणी विचारते. माझ्या रोजच्या पेल्यातून.

दुसऱ्या वर्षी शेवटची दहाची नोट दिली आणि पैसे पुरे फिटले. आपांनी ओढणीतून सॅनिटायझरची बाटली काढली आणि माझ्यादेखत नोट दोन्ही बाजूंनी चोळली.

"लो," त्या म्हणाल्या, "हिसाब बराबर."