उजव्या बगलेची तक्रार

माझी भावजय संजना दिसायला गरीब गाय, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. वसईच्या एका कापड कारखान्यात रसायनं बघते. गेल्या वर्षी तिने आमच्या निर्मळच्या पानमळ्यावरच धाड घातली. विड्याच्या पानांचा अर्क कापडात मुरवला की घामाला वास आणणारे जंतू वाढत नाहीत, असं तिचं म्हणणं.

"सुती कापड गटागटा पितं हो ताई, पण टेरिकॉटमधलं पॉलिस्टर तोंडच उघडत नाही. एका धुण्यात सगळं गटारात!"

मग अर्क पक्का बसावा म्हणून लिंबूफूल घाल, कडक तापव, धू, पुन्हा धू. आईचं भाताचं पातेलं हिरवं झालं ते झालंच.

हा खटाटोप माझ्या भावासाठी, हरेशसाठी. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. पण कोपरं वर गेली की टेरिकॉटच्या शर्टातून असा भपकारा यायचा, की बँडमास्टर फ्रेडरिक त्याला कायम रांगेच्या टोकाला ठेवी. बिचारा लाजून कोपरं बरगड्यांना चिकटवून वाजवायचा, सूरही कोंडलेला निघायचा. मधोमध उभं राहून वाजवायचं, एवढंच त्याचं स्वप्न.

संजनाने खास शर्ट शिवून घेतला आणि धुऊन धुऊन पारखला. फ्रेडरिक म्हणाला, "एक लग्न मध्ये उभा राहा. कुणी नाक मुरडलं, तर पुन्हा शेपटीला."

मे महिन्यातलं लग्न. हरेशने छाती काढून ट्रम्पेट उचलला, तेव्हा संजना माझ्या कानात म्हणाली, "ताई, अर्क फक्त डाव्या बाजूला दिलाय."

"अगं भवाने! कशाला?"

"पूर्ण शर्टाला दिला असता, तर लोक म्हणाले असते, आज घामच आला नाही."

मला तर तिला तिथेच चिमटा काढावासा वाटला. तिसऱ्या गाण्याला उजवीकडचा रोनाल्ड भडकला, "ह्याला हलवा, नाहीतर मी चाललो!"

डावीकडचा व्हिव्हियन म्हणाला, "वास? कसला वास?"

"हरेश, टोकाला जा," फ्रेडरिक म्हणाला. हरेशचं तोंड एवढंसं झालं.

संजना पुढे झाली. "फ्रेडरिक अंकल, ह्यांना राहू द्या. त्या दोघांच्या जागा बदला."

पुढच्या गाण्याला व्हिव्हियनने नाक धरलं आणि रोनाल्ड खुशीत डोलायला लागला. मग संजनाने सगळ्यांना खरं सांगितलं. फ्रेडरिक हसून हसून खाली बसला. हरेश मात्र बायकोकडे असा बघत होता, की मी मध्ये पडायच्या तयारीत होते.

"पोरी, दुसरी बाजू कर," फ्रेडरिक डोळे पुसत म्हणाला, "आणि मग आमचे सगळे शर्ट घे. रोनाल्डचा आधी!"

पुढच्या लग्नात हरेश मधोमध होता. त्याने दोन्ही कोपरं वर केली आणि असा मोकळा सूर लावला, की नवरीही मान वळवून बघायला लागली. कुणी तसूभर सरकलं नाही.

आई माझा हात दाबून म्हणाली, "पातेलं गेलं तं गेलं, पन माझा पोर वाजवतो गं!"