पिस्तूल उजवं होतं

दुपारी पाठीवर निजून उजवा तळहात बरगडीवर ठेवला, की करंगळी दर ठोक्याला केसभर उचलली जाते. आधी छातीतला ठोका, मग करंगळी. केतकी बराच वेळ ते बघते आहे. बघूनच कळतं, कारण त्या बोटाला स्वतःचं असं काही जाणवत नाही. कोपरापाशी नस दबली आहे. शाळेत असल्यापासून किलोभराचं पिस्तूल एका हाताने ताणून धरल्याचा हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. घरच्या कामापुरता हात विश्रांतीने बरा होईल. नेमबाजीसाठी मात्र ऑपरेशन, आणि त्यानंतरही हात पूर्वीसारखा स्थिर राहीलच याची हमी नाही. नाहीतर पिस्तूल सोडायचं. केतकी पावसाळ्यापासून एवढंच म्हणते आहे: "बघू."

स्वयंपाकघरात आई कुकरचं झाकण लावते. आता शिट्टी होईल म्हणून केतकी वाट बघते. पापण्या जड होतात. शिट्टी होत नाही.

शिट्टी होते ती रेंजवर. कोल्हापुरातलं ते जुनं गोदाम, वर पत्रा, दहा मीटरवर कागदी टार्गेटांची ओळ. बावडेकर सर नेहमीच्या लोखंडी खुर्चीत बसले आहेत, गळ्याला मफलर. सरांना जाऊन वर्ष होत आलं, हे तिला ठाऊक आहे. त्यांच्या तिसऱ्या दिवसाला ती घाटावर उभी होती.

"सर, तुम्ही तर..."

"गेलो की. माणसाचा काय नेम! जन्मभर पोरांना नेम शिकवला, माझाच राहिला नाही." ते स्वतःच्याच विनोदावर हसतात आणि खोकतात. "असली कसली उभी राहिलीयस? काय देवळात आलीस?"

ती सरसावून उभी राहते. उजवी बाजू टार्गेटकडे, पायांत खांद्याएवढं अंतर, मान ताठ, हनुवटी उजव्या खांद्याकडे वळलेली. डाव्या डोळ्यापुढे नेहमीची पांढरी झापड. सर तिच्याभोवती फिरतात. त्यांच्या चपलांचा आवाज येत नाही.

"वजन पुढच्या पायावर टाकू नको, दोन्हींवर सारखं. खांदा पाड. स्नायूंवर उभं राहायचं नाही, हाडांवर राहायचं. स्नायू दमतो, हाड दमत नाही. आता डोळे मीट आणि हात उचल."

ती उचलते.

"उघड. कुठं बघतंय पिस्तूल?"

"भिंतीकडं."

ती हात टार्गेटकडे ओढू जाते, तेवढ्यात सर तिच्या मनगटावर टिचकी मारतात. "हाताला ओढायचं नाही, किती वेळा सांगितलं! ओढलेला हात गोळी सुटताना आपल्या जागी पळतो. मागचा पाय सरकव. अंग वळलं, की हात आपोआप येतो."

ती मागचा पाय थोडा सरकवते.

जमीन गुळगुळीत आहे. ही तिच्या एम.एस्सी.च्या वेळची प्रयोगशाळा. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सगळ्या टेबलांवर पसरला आहे, आणि टार्गेट दूरच्या फळ्यावर खडूने काढलेलं आहे. ती पुन्हा डोळे मिटते, हात उचलते, उघडते. पिस्तूल खिडकीकडे बघतं आहे.

"अजून सरकव," सर म्हणतात.

ती सरकवते. पायाखाली सतरंजी लागते. मंगल कार्यालयात पंगत बसली आहे. पानांच्या दोन रांगा थेट टार्गेटपर्यंत गेल्या आहेत, आणि मधल्या वाटेवर सर कमरेला पंचा गुंडाळून आमटी वाढत येत आहेत. जेवणारं कुणी वर बघत नाही. केतकीचं परकर-पोलकं नवं आहे, टोचतं आहे. ती पुरीला हात घालते.

"डावा हात!" आईचा आवाज येतो, तरुण आणि धारदार. "केतू, चारचौघांत तरी!"

तिच्या डाव्या मनगटावर चापट बसते. ती तो हात मांडीखाली दाबून ठेवते. पानाशेजारी, मिठाच्या बाजूला, क्लबचं पिस्तूल ठेवलेलं आहे. तेच, पहिलं. त्या वेळी क्लबात तेवढं एकच होतं. त्याची लाकडी मूठ उजव्या पंजाला कोरलेली, अंगठ्याची खोबण एका बाजूला, तळव्याचा उंचवटा दुसऱ्या. डाव्या हातात घेतलं, की सगळं उलटं टोचायचं.

"सर," ती विचारते, आणि आता तिचा आवाज मोठ्या बाईचा आहे, "मी डावखुरी आहे हे तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं की. पहिल्या दिवशी तू ते डाव्यातच उचललंस." ते तिच्या पानात आमटी वाढतात. "डोळाही तुझा डावाच तेज. म्हणून तर झापड लावली."

"मग?"

"पिस्तूल उजवं होतं," सर म्हणतात. "तू नव्हतीस."

प्रयोगात चुकलेलं माप कुणी दुरुस्त करावं, तितक्या साध्या सुरात ते म्हणतात.

"आता काय उपयोग, सर? नवं मनगट, नवं बोट, सगळं पहिल्या यत्तेपासून. राष्ट्रीय स्पर्धेतली बाई शाळेच्या पोरींच्या रांगेत उभी राहणार. डाव्या हाताने कागदाला तरी लागेल का?"

"नाही लागणार. पहिल्याच आठवड्यात तू पत्र्याला भोक पाडलं होतंस, तिथून पावसात माझ्या डोक्यावर पाणी गळायचं. मी काही बोललो?"

"रोज बोलायचात."

"बरं, बोलायचो." ते आमटीची बादली खाली ठेवतात. "आता मी नाही. पाड दुसरं भोक."

ते पिस्तुलाची मूठ हातात घेतात आणि अंगठ्याने दाबतात. लाकूड भिजवलेल्या कणकेसारखं दबतं. खोबण या बाजूची त्या बाजूला जाते, उंचवटा सरकतो. पंगतीच्या रांगा कुठे गेल्या ते कळत नाही. समोर पंचगंगेचं संथ पाणी आहे, आणि पलीकडच्या काठावर टार्गेट, एवढंसं, काळं.

"सरकव पाय."

ती सरकवते. या खेपेला अंग पूर्ण फिरतं. डावा खांदा नदीकडे येतो. सर तिच्या डोळ्यापुढची झापड काढतात आणि खिशात घालतात. ती डोळे मिटते, डावा हात उचलते, उघडते.

तिने काहीच ओढलेलं नाही. पिस्तूल टार्गेटकडे बघतं आहे.

"उजव्याचं काय करू?" तो हात नुसता लोंबतो आहे, पाहुण्यासारखा अवघडून.

"सैल सोडू नको, त्याच्या झोक्याने सगळं अंग हलतं. अंगठा कमरेला अडकव. घट्ट. बसू दे त्याला, लई राबला."

ती अंगठा अडकवते. अर्धा श्वास सोडते, उरलेला धरते. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो उभा खुंट, इतकी रेखीव तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना मागच्या खाचेतला उजेड सारखा आहे. टार्गेट धूसर होतं, तसंच व्हायला हवं. मनगट थरथरतं. थरथर वाढते.

"उतरव," सर अगदी जवळून म्हणतात. "नाही जमलं तर उतरवायचं, पुन्हा उचलायचं. पण उचलायचं."

ती उतरवते. "सर, पुन्हा बघाल ना?" म्हणून वळते. काठावर फक्त ओल्या दगडांचा वास आहे.

केतकी जागी होते. ऊन पलंगावरून उतरून भिंतीवर गेलं आहे. उजव्या अंगठ्याला रग लागली आहे. ती चाचपून बघते, तर तो सलवारीच्या नाडीत अडकला आहे, नाडीचा पीळ त्याच्याभोवती घट्ट बसला आहे. आजवर कमरेला अडकायचा तो डावा अंगठा. ती हळूच उजवा सोडवते. कातडीवर तांबडा वळ उठला आहे, तिरपा, दोरीच्या पिळाचा बारकावाही दिसतो. तिथे मात्र जाणवतं. दुखतं.

आई दारात उभी आहे, हातात मोबाइल, बोट माइकवर दाबलेलं.

"उठलीस? दवाखान्यातून फोन आहे. ऑपरेशनची तारीख धरायची का विचारतायत. काय सांगू? का पुन्हा 'बघू'? तुझ्या 'बघू'ला आता दात यायची वेळ झाली."

केतकी उठून बसते आणि फोनसाठी हात पुढे करते. डावा. आई सवयीने फोन जरासा मागे घेते, मग स्वतःच थबकते.

"ऑपरेशन नको म्हणून सांग, आई," केतकी म्हणते. "आणि मी सोडणारही नाही. मी डाव्या हाताने सुरू करणार आहे."