ओसरीतला नाडा

कापसाची वेचणी चालू होती. सून बांधापर्यंत आली आणि नुसती पदर सावरत उभी राहिली. मीच विचारलं, "गयी का?" तिनं मान हलवली आणि मग रडली... मी ओंजळीतला कापूस आधी झोळीत टाकला, मग घराकडे निघालो. त्याला महिना उलटला. मुलगा म्हणाला, आईबद्दल तुम्ही सांगा, मी लिहून देतो. नको म्हटलं. शाळा माझी दुसरीतच सुटली, अक्षर वाकडं आहे, पण बायको माझी होती.

सोना तिचं नाव. ते मी ती असताना कधी घेतलं नाही, "आयकं का वं" एवढ्यावर जन्म गेला. मागे तिचे पाय सुजू लागले, सकाळी तोंडही फुगायचं. म्हसावदहून एस.टी.नं शहाद्याला नेली. डॉक्टर म्हणाले, "पाटील, मूत्रपिंडं थकलीत. मुंबईला रक्त धुवायचं यंत्र आलंय म्हणतात, पण ते आपल्या वाट्याला कधी यायचं! या आजारात हाडं आतून पोकळ होतात. यांना पडू देऊ नका. पण खाटेवर निजवूनही ठेवू नका. तोल सांभाळायला शिकवा. आणि डोक्यावर ओझं बंद."

तोल शिकवायचा, आणि कोणाला? हंड्यावर कळशी ठेवून नदीचा चढ चढणारीला! तिला हसू आलं. मला नाही आलं. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, अडगळीत पडला होता. तो काढला आणि ओसरीच्या खांबांना कमरेएवढ्या उंचीवर करकचून बांधला. रोज सकाळी ती नाडा धरून चालायची, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत. मग एका पायावर उभी राहायची. आधी मूठ, मग दोन बोटं, मग नुसतं एक बोट नाड्याला. मी समोर बसून ओरडायचो, "धर ना वं नीट!" ती म्हणायची, "मी दोरले धरी ऱ्हायनी का दोर मले, तेच समजत नई."

श्रावणात रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी थोरल्या सुनेनं देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा. एकदा डोक्यावर घेतला की काठ येईपर्यंत खाली ठेवायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून तो मान तिचा. मी म्हटलं, यंदा आपली सून नेईल. "काब्र? मी जिती शे ना आते?" एवढं बोलून तिनं अबोला धरला. मीही धरला, माघार मला येत नाही. एका सकाळी गोठ्यातून आलो तर बाई डोक्यावर पाट ठेवून ओसरीत चालतेय, नाड्याला बोटही न लावता. ओरडणार होतो. दचकून पडेल म्हणून आवाज गिळला... तेव्हाच मी हरलो.

सोमवारी तिनं चौरंग उचलला. मी मागून दोन्ही हात पसरून. गल्लीतल्या बाया हसल्या, "दखा वं, पाटील कोंबडी पकडी ऱ्हायनात!" तिनं मान न वळवता सांगितलं, "मांगे सरका. तुमनी सावली मन्हा पायमा येस." सरकलो. माझे हात घामानं ओले झाले होते, तिचा पाय हलला नाही. काठावर सुनेनं चौरंग उतरवून घेतला. येताना मात्र ती बैलगाडीत बसली आणि सगळ्यांदेखत पाय पुढे केले, "आते दाबा." दाबले.

दिवाळीनंतर सूज छातीपर्यंत चढली. मग ती उठली नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आजारानं नेली. पडून नाही गेली.

सून म्हणते, दादा, आता तो नाडा सोडा, येता-जाता आडवा येतो. मी ऐकलं न ऐकलं करतो. तो सैल पडतो, मी पुन्हा ताणून गाठ मारतो. एका जागी तो गुळगुळीत झालाय, तिचं बोट टेकायचं तिथं. हल्ली ओसरी उतरताना माझाही तोल जातो. धरतो नाडा. तेवढी जागा सोडून...